विभावरीची तीन घरं

आयर्लंडमधल्या मलिंगारला पहाटेपासून भुरभुर लागली होती. धड पाऊस म्हणावा असा नाही, पण दोरीवरचं काही वाळू द्यायचा नाही. विभावरी स्टुलावर चढून पोरीच्या खोलीतली काळी बुरशी घासत होती. ब्लीचच्या वासानं डोळे चुरचुरत होते. दर शनिवारी घासायची, पुढच्या शुक्रवारपर्यंत बुरशी परत हजर. भाड्याचं हे चौथं घर, आणि त्याचीही नोटीस आलेली: मालकाला विकायचंय, सप्टेंबरअखेर रिकामं करा.

गावाबाहेरच्या कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात, तिथं ती तपासणीवर. केसाएवढी चीर दिसली की अख्खा माल अडवून ठेवणारी बाई. घरात मात्र तिनं आजवर काहीच अडवलं नव्हतं.

नागपुरात तिच्या नावावर घर होतं. खरं तर तीन झाली, एकामागून एक. पहिलं लग्नाआधी, स्वतःच्या पगारातून, मनीषनगरात; ताबा मिळायला आणि आयर्लंडची नोकरी लागायला एकच गाठ पडली. ते विकताना दीर हरीश म्हणाला, वहिनी, दोन वर्षांत भारतातच दुसरं घर घ्या, नफ्यावरचा कर वाचतो. घेतलं. काही वर्षांनी तेही विकलं, आणि पुन्हा कर वाचवायला तिसरं घेतलं. दर वेळी रजा काढून जायचं, वास्तुशांत करायची, नव्या ओट्यावर दूध उतू घालायचं, सगळ्यांनी फोटो काढायचे, ओटा पुसायचा आणि किल्ली भाडेकरूच्या हातात द्यायची. तीन ओट्यांपैकी एकावरही तिनं कधी पोळी भाजली नव्हती.

गेल्या महिन्यात तिसरंही विकलं. या पैशातून इथंच घर घ्यायचं, हे तिनं नवऱ्याला आधीच बजावलं होतं. कालव्याकाठचं एक घर पाहूनही ठेवलं होतं. पैशांचा पुरावा एजंटला सोमवारी हवा होता.

तेवढ्यात नवरा, हर्षवर्धन, कागद घेऊन खोलीत आला. आठवडाभर डब्लिनकडच्या सँट्रीच्या ऑफिसात असणारा हा माणूस सुट्टीच्या शनिवारी प्रिंटरपाशी काय करत होता, ते आता कळलं. तिच्या वतीनं घर घ्यायला हरीशच्या नावानं मुखत्यारपत्र होतं. डब्लिनला वकिलातीतली मंगळवारची वेळही घेऊन ठेवली होती. तिनं फक्त सही करायची. वर्धा रोडवरच्या फ्लॅटचं टोकन हरीशनं भरलंच होतं, आणि तो स्वतः हर्षवर्धनच्या फोनच्या पडद्यावर हसत होता.

"वहिनी, एवढा पैसा उगाच सरकारच्या घशात घालता काय?"

विभावरी स्टुलावरून उतरली. राग आला की तिच्या बोलण्यावरची सगळी इस्त्री मोडते आणि खालचं नागपूर वर येतं.

"भाऊजी, टोकन कोणाले विचारून भरलं?"

हरीश म्हणाला, तुमच्याच भल्यासाठी.

"माह्यं भलं मले समजते. चौदा वर्षं झाली, मी कर वाचवून राह्यली. तीन घरांत दूध उतू घातलं, चहा एकातही नाही केला. अन् माही पोरगी इथं बुरशीत झोपते."

हर्षवर्धननं फोन छातीशी धरला. हळू आवाजात म्हणाला, दोन वर्षं अजून भाड्यानं काढू, मग इथले म्हणतात तसं ग्रँड होईल सगळं.

दर वेळचं ते "दोन वर्षं" ऐकलं आणि तिची कानशिलं तापली. तिनं कागद त्याच्या हातातून घेतले, एकदा वाचले आणि ब्लीचच्या बादलीखाली सारले. खालून ओल वर चढत गेली, हरीशचं नाव फुगून फिकट झालं.

"तिथला कर भरीन. इथला लागला तर तोही भरीन. उरेल त्यात घर घेऊ. सही नाही."

"हरीशचं टोकन बुडेल गं."

"भरलं त्यानं. त्याचंच बुडू दे."

हर्षवर्धननं फोन छातीपासून काढला, तर पडदा काळा; हरीशनं फोन ठेवला होता.

ओले हात गाउनला पुसून तिनं एजंटला लिहिलं. कर वजा जाता कालव्याकाठचं घर हाताबाहेर जात होतं, हे तिनं केव्हाच जोखलं होतं. लिहिताना बोट एकदा थांबलं. ते घर राहू द्या, त्याहून लहान दाखवा, स्टेशनमागचंही चालेल. पाठवलं.

हर्षवर्धन अजून दारातच उभा होता.

"स्टूल धर," ती म्हणाली, "डगमगतंय."

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली बुरशी राहिली होती. तिनं फडकं पिळलं आणि वर चढली.