नाखुद्याच्या पुस्तकाला चार आणे

चौलच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांची आणेवारी लावत, पिकाची लावतात तशी. पुस्तक वाचून झाले की वाचकाने शेवटच्या कोऱ्या पानावर आणे लिहायचे आणि खाली सही करायची. सोळा आणे म्हणजे उत्तम. कादंबऱ्यांना यातून सूट होती, कारण त्या कुणी कुणाला विचारून वाचत नसे. चरित्रे, प्रवास, आरोग्य, बागाईत, असली माहितीची पुस्तके तेवढी या चाळणीतून जात. वर्षअखेरीस सहा आण्यांच्या खालची पुस्तके रद्दीत निघत आणि वाण्याकडे त्यांच्या पुड्या होत.

मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. मिठाच्या सत्याग्रहानंतरची दोन-तीन वर्षे असतील. वाचनालयात माझा शब्द चाले, आणि तो चालतो हे मला फार आवडे. शिष्ट होतो, दुसरे काय! पहिली आणेवारी मी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्या आसपास राहायचे, असा प्रघातच पडला होता.

त्या साली गावातल्या एका म्हाताऱ्या नाखुद्याचे पुस्तक आले. नाखुदा म्हणजे गलबताचा कप्तान. मलबारपासून बसऱ्यापर्यंतच्या आपल्या फेऱ्या, वारे, बंदरे असे सगळे त्याने तोंडी सांगितले आणि त्याच्या मुलीने लिहून काढले. पदरचे खर्चून त्याने ते छापले आणि एक प्रत आम्हाला दिली. जन्म पाण्यावर काढलेला माणूस पुस्तक काय लिहिणार, असे म्हणून मी चार आणे लिहून मोकळा झालो. मागोमाग तिघांनी चार-चारच लिहिले.

रद्दीची यादी भिंतीवर लागली त्याच दुपारी नाखुदा आला. मला वाटले, भांडायला आला. तो समोर बसला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "मास्तर, चार आण्यांचा राग न्हाय. पण चुकलं कुठं, तेवढं दाखवा. पोर म्हणते, मास्तर वाचल्याबिगर लिवायचे न्हाईत."

ती पोर माझ्याच हाताखाली लिहायला शिकली होती. मी कपाटातून पुस्तक काढले आणि मधेच कुठेतरी उघडायला गेलो. उघडेना. त्या काळी काही पुस्तकांची पाने कडेला जुळलेलीच येत, पहिल्या वाचकाने ती चाकूने फाडायची. हे पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत जुळलेलेच होते. शेवटी चौघांच्या सह्या होत्या आणि चाकू एकाचाही लागला नव्हता.

नाखुद्यानेही ते पाहिले. मी काहीतरी पुटपुटलो. काय ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरे. कान तापले होते. घाईघाईने टाक घेऊन मी ते चार आणे खोडायला गेलो, तर त्याने माझे मनगट धरले.

"नको, मास्तर," तो म्हणाला. "अजून तरी कुठं वाचलंय?"

मग त्याने पुस्तक उचलून कोटाच्या खिशात घातले. दाराशी थांबून हलकेच म्हणाला, "पोरीला सांगेन, मास्तरांनी चुका दाखवल्या म्हणून. जास्त न्हाईत, दोन-चारच."

त्याच्या मागे धावत जाऊन पुस्तक परत मागायला हवे होते. मी जागचा हललो नाही. माझी लाज राखायला तो माणूस आपल्या लेकीशी खोटे बोलणार होता, आणि मी त्याला बोलू दिले.