मुलगी पुन्हा विचारेल

आधीच सांगून टाकते, मला ती मालिका कधीच आवडली नाही. तिच्यातली डॉक्टरीण तासन्‌तास ऑपरेशन करून बाहेर आली तरी तिची लिपस्टिक जागच्या जागी असायची. हॉस्पिटलात जो पेशंट येईल तो कुणाचा ना कुणाचा हरवलेला नातेवाईक निघायचा. तरीही दीड वर्ष मी ती आठवड्यातून तीनदा पाहिली, कारण बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची बॅच. भाऊ पुण्याला, त्यात त्याला मधुमेह. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. माझी शाळा दुपारच्या सत्रातली, म्हणून बाबांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं. नाशिकमधल्या त्या हॉस्पिटलच्या डायलिसिसच्या खोलीत पाच बेड होते आणि भिंतीवर एक टीव्ही. चार तास मशीनला जोडलेला माणूस दुसरं करणार तरी काय? सकाळी दहाला आदल्या रात्रीचा भाग पुन्हा लागायचा आणि पाचही जण तो एकत्र बघायचे. त्यासाठी त्यांनी एक नियमच केला होता. डायलिसिसच्या आदल्या रात्री घरी मालिका बघायची नाही, आणि बघितलीच तर सकाळी तोंड उघडायचं नाही. पंचवटीत रिक्षा चालवणाऱ्या काकांनी एकदा हा नियम मोडला, 'तो शुद्धीवर येतो' असं बोलून गेले, तर आठवडाभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही.

खरी रंगत भाग संपल्यावर यायची. पुढे काय होणार, यावर प्रत्येकाचं मत असे आणि कुणी ते सोडत नसे. वणीला ओटीच्या सामानाचं दुकान असलेल्या एक मावशी पहाटेच्या एसटीने यायच्या. त्यांच्या मते कुणीतरी सलाइनमध्ये काहीतरी कालवणार, हे ठरलेलं. काकांचा भरवसा जुळ्या भावावर. बाबांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात गेलेली. ते गोष्टीआधी यंत्र तपासायचे. पडद्यावर कुणाचं डायलिसिस दाखवलं की म्हणायचे, पंप फिरत नाहीये, नळीत रक्त नाही, हा माणूस कालच गेला असता. असल्या वाक्यावर ती खोली खो-खो हसायची. सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, म्हणून तेवढा हात गादीवर तसाच ठेवून सगळे हसायचे. बाहेरच्या माणसाला ते बघवलं नसतं. मलाही सुरुवातीला बघवत नव्हतं.

बाबांची एक सवय इथे सांगायला हवी. ते कशालाही आधी 'नको'च म्हणायचे. चहा घेता का, नको. स्वेटर आणू का, नको. पंगतीत ताटावर आडवा हात धरणाऱ्याला वाढपी जसा सोडत नाही, तशी आई त्यांना सोडायची नाही. ती दुसऱ्यांदा विचारायची आणि मग ते म्हणायचे, बरं, अर्धा कप. चष्मा, गुडघ्याचं औषध, माझ्या लग्नातला नवा सदरा, सगळं त्यांच्याकडे दुसऱ्या विचारण्यावर आलं. "तुझ्या बापाचा पहिला नको धरायचा नसतो," आई मला बजावायची. हे मला दोनाच्या पाढ्यासारखं पाठ होतं.

द्राक्षांचे दिवस होते. रस्त्यावर जिथे तिथे क्रेट मांडलेले आणि ह्या पाच जणांना पोटॅशियमपायी एक मणी तोंडात टाकायची चोरी. नेमकी तेव्हाच मालिकेतल्या डॉक्टरणीच्या वडिलांची किडनी गेली. "घ्या, आली आपल्यावरच," काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिने वडिलांचा हात धरून त्यांना आपली किडनी देऊ केली. वडील नाही म्हणाले. तिचा चेहरा तीनदा दाखवला, संगीत वाजलं, भाग संपला. खोलीत एकच गलका झाला. मी मात्र कोपऱ्यातल्या वजनाच्या काट्याकडे बघत बसले.

कारण चार महिन्यांपूर्वी मीही विचारलं होतं. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं की किडनी बदलायला वय काठावर आहे, पण हृदय चांगलं आहे, घरातून कुणी देणार असेल तर बघा. भाऊ मधुमेहामुळे बाद, आणि बाबांचा नि माझा रक्तगट एकच. त्याच दिवशी परत येताना, द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबलेली असताना मी म्हटलं, "बाबा, माझी चालत असेल तर देऊ का?" ते बाहेर बघत म्हणाले, "नको. तुझं लेकरू लहान आहे." मी म्हटलं, "बरं." सिग्नल सुटायच्या आत विषय संपला होता.

घरी येऊन मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष, तर म्हटलं, असंच. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की मी घाबरले होते. टेबलावर आडवं पडण्याला घाबरले होते, त्यानंतरच्या आयुष्याला घाबरले होते. बाबांच्या 'नको'ने माझी सुटका केली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी गोड केलं. नातेवाइकांना मात्र सांगत राहिले, मी तयार होते हो, बाबाच नको म्हणाले. त्यावर सगळे म्हणायचे, गुणाची लेक. मी ते ऐकून घ्यायचे.

तर त्या सकाळी अंदाजांना ऊत आला. मावशी म्हणाल्या, भावजय रिपोर्ट बदलणार. काकांनी एक हरवलेला मुलगा काढला, तोच येऊन किडनी देणार. सिस्टरसुद्धा सुई काढता काढता जावयाचं नाव पुढे करून गेल्या. बाबांनी मोकळ्या हाताने चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "असलं काही नाही. मुलगी पुन्हा विचारेल."

"आन्‌ बाप हो म्हनंल?" काकांनी विचारलं.

"ते पुढचं पुढे. आधी तिला विचारू तर द्या."

मी त्यांच्या ब्लँकेटची घडी घालत होते. तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, चांगलं कळलं होतं. मी म्हटलं, बाबा, मालिका आहे ती, सहा महिने ताणतील.

फोनवर मालिकेचा प्रोमो आला की त्याखाली शेकडो लोक आपापले अंदाज लिहायचे. बाबांना ते वाचून दाखवलेले फार आवडायचे. एका बुधवारी त्यांनी मला स्वतःचा अंदाज लिहायला लावला. माझ्याच फोनवरून, म्हणजे माझ्याच नावाने, मी लिहिलं, 'माझ्या मते मुलगी पुन्हा विचारेल.' थोड्या वेळाने खाली कुणीतरी विचारलं, 'ताई, एवढ्या खात्रीने कसं सांगता?' बाबा हसले आणि म्हणाले, दे की उत्तर. मी फोन पर्समध्ये टाकला.

मालिका खरंच ताणली. भावजयीने रिपोर्ट बदलला, मावशींचा विजय झाला. मग हॉस्पिटलातच हळदीकुंकू झालं. दर खेपेला सकाळी रिक्षात बसताना बाबा म्हणायचे, आज विचारते की काय. मी म्हणायचे, बघू. द्वारकेचा सिग्नल दर वेळी लागायचा आणि दर वेळी मी तो सुटायची वाट बघायचे. मे महिन्याच्या सुट्टीत विचारू, असं मी ठरवलं होतं. शाळा बंद असेल, माझी लेक सासूबाईंकडे जाईल, निवांत बोलता येईल. मनाची समजूत घालायला ते कारण चांगलं होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी बाबा गेले. शुक्रवार ते सोमवार हे डायलिसिसविना जाणारे मधले दिवस वाईट, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही. चार वाजले होते. मी त्यांना चहा हवा का विचारलं, ते नको म्हणाले. मी सवयीने पुन्हा विचारलं. "बरं, अर्धा कप," ते म्हणाले. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीतच मान टाकून बसले होते. हाताला हलवलं, मग मनगट धरलं. डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून केलेली ती शीर एरवी बोटाखाली सतत थरथरायची. ती थांबली होती.

पुण्यानुमोदनाला वणीच्या मावशींना येता आलं नाही, कारण तो शुक्रवार होता. रिक्षावाले काकाही त्याच कारणाने आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मशीन कुणासाठी थांबत नाही.

मे महिन्यात एका सोमवारी मी बाबांची फाइल आणि ब्लँकेट आणायला गेले. दहा वाजून गेले होते, मालिका चालू होती. बाबांच्या बेडवर नवीन गृहस्थ होते. डॉक्टरणीचे केस वेगळे दिसत होते, ती हॉस्पिटलची मुख्य झाली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली होती, 'पाच वर्षांनंतर'. तिच्या दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोला हार होता. तिने पुन्हा विचारलं की नाही, त्यांनी काय उत्तर दिलं, यातलं काहीही दाखवलं नाही. मालिकावाले मधली पाच वर्षं गिळून मोकळे झाले. खोली संतापली होती. काका म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, इतके दिवस आपण काय झक मारत बसलो होतो. नवीन गृहस्थ म्हणाले, मी काल रात्रीच बघितलं. त्यांना नियम माहीत नव्हता आणि त्या दिवशी त्यांना तो सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मी निघाले तेव्हा मावशींनी मोकळ्या हाताने मला जवळ बोलावलं.

"तुमचे बाबा जिंकले बी नाय आन्‌ हारले बी नाय," त्या म्हणाल्या. "दावलंच नाय मेल्यांनी." मग म्हणाल्या, "एकदा तुमी खाली औषधं आनाया गेल्या व्हत्या, तवा म्या त्यांना इचारलं. म्हनलं, दादा, पोरीनं परत इचारलं तर बाप काय म्हनंल? ते म्हनले, नायच म्हनंल. लेकराची किडनी कोन बाप घेतो? पन तिनं इचाराया पायजे, म्हनले. तेवढ्यावर बाप चार दिस जास्त काढतो."

मावशींना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्या मालिकेबद्दलच बोलत होत्या. ब्लँकेट पोटाशी धरून मी त्यांच्या बेडपाशी उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे मी काहीतरी बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, "बरं."