मुंजीच्या पत्रिकेतली सरळ अक्षरं

झाशीत साधं अक्षर मिळत नाही. लफ्फेदार मिळतं, सोनेरी मिळतं, ज्वाळा निघाल्यासारखंही मिळतं. साधं मागितलं की माणसं तोंडाकडे बघत राहतात.

तुझ्या मुंजीची पत्रिका छापायची होती. तू मराठी टॅबलेटवर शिकलास. त्यातली अक्षरं एका जाडीची, सरळ, मोकळ्या पोटांची. कुठे शेपूट नाही, वेलांटीला झुपका नाही. तेवढीच तुला ओळखू येतात. ताईच्या बारशाची पत्रिका दाखवली तेव्हा तू म्हणालास, "आजी, डिझाइन छान आहे." ते आजोबांचं नाव होतं.

आपल्या घरी पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि ज्याची मुंज, तोच ती मोठ्याने वाचतो. तुझ्या बाबांनीही वाचली होती. तू इतका लांब, म्हणून तुझं वाचन फोनवर व्हायचं होतं. पण अक्षरंच ओळखू आली नाहीत तर पोरगं वाचणार काय?

म्हणून मी प्रेम नगरातल्या छपाईच्या दुकानात गेले आणि फोनवरचा नमुना दाखवला. "भैया, ऐसे सीधे अक्षर चाहिए."

"अम्माजी, ऐसा तो तेरहवीं के कार्ड में चलता है. शुभ काम है, थोड़ा घुमाव रहने दो."

"घुमाव नहीं चाहिए. बच्चे को पढ़ना है."

"कार्ड पढ़ता कौन है? लोग तारीख देखते हैं और खाना."

पहिल्या खेपेला त्याने अक्षरं सरळ केली, पण प्रत्येकामागे सावली लावली. पुढच्या खेपेला सावली गेली, तर किरमिजी कागदावर लाल अक्षरं आली. मी चष्मा बदलून पाहिला. काही उपयोग नाही.

घरी तुझी आत्याआजी टपलेलीच. "वहिनी, ही पत्रिका आहे की रेल्वेची नोटीस?"

"स्टेशनवरच्या पाट्या धावत्या गाडीतूनही वाचता येतात. त्या काय उगाच तशा रंगवतात?"

"मग बटूचा फलाट क्रमांकही टाका!"

शेवटी पांढऱ्या कागदावरचा नमुना ओळ न् ओळ तपासून मी मंजूर केला. गठ्ठा आला त्याच संध्याकाळी वरची पत्रिका देवापुढे ठेवली आणि फोन तिच्यावर धरला. तू वाचू लागलास. अडखळत, पण मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, माझं नाव, सगळं वाचलंस. मग मध्येच थांबलास.

"आजी, हे फूल आहे का?"

ते तुझं नाव होतं. सोनेरी, सावलीचं, प्रत्येक काना वेलीसारखा वळवलेला. मी तिथूनच आत्याआजीच्या फोनवरून दुकानात फोन लावला.

"अम्माजी, बच्चे का नाम था," तो म्हणाला. "अपनी तरफ़ से सजा दिया."

आत्याआजी म्हणाली, "जाऊ दे वहिनी, बाकीचं वाचलं ना त्याने."

बाकीचं! मुंज बाकीच्यांची आहे का? मी जाड पेन घेतलं, त्या सोनेरी वेलाखाली तुझं नाव सरळ, मोकळं लिहिलं आणि पुन्हा फोन धरला. तू ते वाचलंस, आणि कुणी न सांगता पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने वाचलंस.

गठ्ठा मी सकाळीच परत पाठवला. दुपारी दुकानदाराचा फोन आला, "अम्माजी, नाम सीधा कर दिया. बस नीचे एक पतली-सी घुमावदार बेल डाल दूँ?"