तीन मिलिमीटर

चष्मेवाल्यानं साडूचं विमान जिन्यावरून खाली भिरकावलं, अशी कुजबुज नात्यागोत्यात बरीच वर्षं चालली. कुजबुजणाऱ्यांचाही दोष नाही. माणूसच डूख धरणारा. चष्म्याची काडी बसवताना हात लोण्यासारखा, पण अपमान मात्र पोटात जिवंत ठेवायचा.

भांडण होतं सासऱ्यांच्या काचेच्या कपाटातल्या जागेचं. सासरे विमानांचे निवृत्त मेकॅनिक. कपाटात जागा एकाच विमानाची, आणि तिथं चष्मेवाल्यानं किट जोडून केलेलं पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान दिमाखात उभं होतं. मोठे जावई दातांचे डॉक्टर. ते एकदा जेवायला आले ते मूळ विमानाचा, किटच्याच मापात काढलेला नकाशा आणि पट्टी घेऊनच.

"पंख तीन मिलिमीटर आखूड आहेत, साडूभाऊ. चष्मा बदला!"

सगळे खो खो हसले. चष्मेवाल्याची बायकोसुद्धा. सासऱ्यांनी विमान कपाटातून काढून माळ्यावर टाकलं.

"नकाशा द्या हो दोन दिवस, चूक सुधारतो," असं गोडीत म्हणून चष्मेवाल्यानं तो घरी नेला. कोपऱ्यात खात्रीसाठी छापलेली दहा सेंटिमीटरची रेघ होती. मोजली, तर दोन मिलिमीटर जास्त! नकाशा म्हणजे झेरॉक्स, आणि मशीननं तो फुगवलेला. पंख बरोबरच होते.

तेव्हाच सांगता आलं असतं. छे! नकाशा परत देताना म्हणतो कसा, "डॉक्टर, तुमच्याइतकं अचूक आपल्याला जमायचं नाही. तुम्हीच करा."

डॉक्टर चढले हरभऱ्याच्या झाडावर. तेच किट आणलं, पंख कापून मध्ये प्लास्टिकचे तुकडे घातले, दाढेत सिमेंट भरावं तशा फटी बुजवल्या. दर रविवारी चष्मेवाला जातीनं हजर.

"शेपूटही आखूडच वाटतं, नाही?"

डॉक्टर शेपूट वाढवायचे. अशी दोन वर्षं गेली.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला डॉक्टरांनी विमान आणलं, शेजारी ऐटीत नकाशा पसरला. चष्मेवाल्यानं खिशातून पट्टी काढून कोपऱ्यातल्या त्या दहा सेंटिमीटरच्या रेघेवर ठेवली.

"बाबा, जरा वाचता का?"

सासऱ्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो डॉक्टर, विमानाला खुराक कसला दिलात?"

हशा पिकला. डॉक्टरांच्या बायकोचाही आवाज त्यात होता. चष्मेवाल्यानं तो नीट ऐकून घेतला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" डॉक्टर पुटपुटले.

"नकाशा नेला, त्याच दिवसापासून."

सासऱ्यांनी माळ्यावरचं विमान उतरवून कपाटात ठेवलं. डॉक्टर आपलं उचलून तडक बाहेर पडले आणि जिन्यावरून त्यांनीच ते खाली फेकलं. चष्मेवाल्यानं त्याला हातही लावला नव्हता.