केरू त्रिभुवनची दुसरी चाळ

चांदवडजवळच्या खेड्यात राहणारे केरू त्रिभुवन तीस वर्षे कांदा साठवायच्या चाळी बांधत आले आहेत. आमच्या चर्चच्या मंडळीतून दोन आठवड्यांच्या सेवेसाठी आठ जण टांझानियाला जायचे ठरले, तेव्हा तिथल्या शाळेचे छप्पर दुरुस्त करायला एक सुतार हवा होता. पाळकसाहेबांनी केरूभाऊंचे नाव सुचवले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिला पासपोर्ट काढला. मी या गटाचा सेक्रेटरी होतो. वेळापत्रक, औषधांची पेटी आणि सर्वांचे पासपोर्ट माझ्याकडे असत.

तिथले गाव दोन टेकड्यांच्या मधे होते. सकाळी सहाला प्रार्थना, मग काळा चहा आणि रताळे, आठला शाळेवर. दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. आमच्या स्वयंपाकाची जबाबदारी यशोदाबाईंवर होती. पहिल्या दिवशी तो गोळा पाहून त्या म्हणाल्या, "यांनी पीठ मळलं, शिजवलं, आणि थापायचंच विसरले." तिसऱ्या दिवशी त्यांनी तव्यावर मक्याच्या भाकरी टाकल्या, तर शाळेतली मुले एकेक करून खिडकीशी जमली.

आम्ही ज्यांच्या आवारात उतरलो होतो त्या नीमाबाई विधवा होत्या. त्यांचा नुकताच काढलेला कांदा खोलीच्या कोपऱ्यात ढिगाने पडला होता. केरूभाऊंनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून हुंगला.

"साहेब, आतून गरम लागतोय. महिन्याभरात पाणी सुटंल याला," ते मला म्हणाले. "बाईला विचारा, एक छोटी चाळ बांधून देऊ का? फाल्गुनातला कांदा आमी दिवाळीपर्यंत ठेवतो म्हणावं."

मी ते इंग्रजीत शाळेच्या मास्तरांना सांगितले, मास्तरांनी नीमाबाईंना त्यांच्या भाषेत. त्या हसून हो म्हणाल्या. केरूभाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितले, "तीस वर्सात माझ्या चाळीत कुणाचा कांदा सडला नाय. हिचाबी सडणार नाय."

काम रोज पहाटे, प्रार्थनेच्या आधी तासभर चाले. जमिनीपासून दीड फूट उंच बांबूचा तळ, फटी ठेवलेल्या भिंती, वर गवताचे उतरते छप्पर. बारा फूट लांब, चार फूट रुंद. नवव्या दिवशी चाळ उभी राहिली. गावातल्या मंडळीने तिच्यासमोर गाणी म्हटली आणि नीमाबाईंनी सगळा कांदा आत भरला.

अकराव्या दिवशी शाळेचे छप्पर पुरे झाले, म्हणून आम्ही पहिल्यांदाच भर दुपारी आवारात परतलो. नीमाबाई घमेले डोक्याच्या वर धरून वाल उपणत होत्या. दाणे पायाशी पडत होते आणि भुसा लांब उडत होता. केरूभाऊ चालता चालता थांबले. त्यांनी भुशाकडे पाहिले, मग चाळीकडे, आणि तिथेच मातीत बसले.

"काय झालं? ऊन लागलं का?" मी विचारले.

"साहेब, हितलं वारं दक्षिणेकडनं येतं."

मला काही कळले नाही. मग त्यांनी काडीने जमिनीवर आखून दाखवले. चाळीच्या लांब बाजूला वारा लागला तरच तो सगळ्या कांद्यातून फिरतो. आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून चाळ दक्षिणोत्तर लांब बांधतात. इथेही त्यांचे हात सवयीने तशीच बांधून मोकळे झाले होते. पहाटे हवा पडलेली असे आणि दुपारी आम्ही टेकडीपलीकडे शाळेवर, म्हणून वारा कळलाच नव्हता. इथला वारा चाळीच्या चार फुटांच्या तोंडावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जात होता.

मी म्हणालो, "थोडा तरी वारा लागेलच की."

"थोडं वारं म्हणजे थोडाच कांदा सडंल, असं नसतं. एक सडला का शेजारचा सडतो. आपण इमानात बसून जाऊ, बाई वास घेत बसंल."

बारावा दिवस माझ्या वेळापत्रकात अभयारण्य पाहण्याचा होता. सगळ्या सहलीतला तेवढाच एक दिवस मोकळा होता, आणि केरूभाऊंनी नात पिंकीला जिराफाचा फोटो कबूल केला होता. तेराव्या दिवशी पहाटे परत निघायचे होते.

"जिराफ काय कुठं जात नाय," ते म्हणाले. "मास्तरला बोलवा. बाईला सांगा, माझं चुकलं."

मला तेवढे सरळ सांगणे बरे वाटेना. रचनेत काही सुधारणा करणे आवश्यक वाटते, वगैरे वगैरे मी इंग्रजीत सुरू केले. केरूभाऊंनी माझी बाही ओढली.

"एवढं लांबण कशाला, साहेब? माझं चुकलं म्हणा. दोन शब्द."

मी दोन शब्द म्हणालो. मास्तरांनी ते पोचवले. नीमाबाईंनी घमेले खाली ठेवले, पदरासारख्या कापडात तोंड लपवले आणि बराच वेळ हसत राहिल्या. मास्तर जरा संकोचाने म्हणाले, "त्यांना पहिला खांब रोवला तेव्हाच कळलं होतं. पण पाहुणे एवढ्या लांबून आलेले, तीस वर्षांचा हात असलेले. त्यांना कसं सांगायचं?"

"घ्या!" यशोदाबाई म्हणाल्या. "आपल्याकडं तरी पाहुण्याला कोण सांगतं, तुमच्या हातची भाजी खारट झाली म्हणून? गपचूप खातात."

केरूभाऊ उठले. "तिला म्हणावं, आता पाहुणा नाय मी. कुठं खांब रोवायचा ते तिनं दाखवायचं. मी नुसता खड्डे खणणार."

दुसऱ्या दिवशी बाकीचे सहा जण अभयारण्यात गेले. मी राहिलो, कारण बोलणे पोचवायला कोणीतरी हवे होते. पण फारशी गरज पडली नाही. कांदा सावलीत गोणपाटावर काढून ठेवला. नीमाबाई हात करून जागा दाखवत, केरूभाऊ पहारीने खणत. एक खांब त्यांनी जरा सरकवला तर नीमाबाईंनी जिभेने च्च केले, आणि केरूभाऊंनी तो मुकाट्याने पुन्हा उपटला. "मालकीण बरी हाय," ते मला म्हणाले, "आमच्या घरच्या गोजराबाईसारखी."

चारच्या सुमारास चाळ पूर्वपश्चिम उभी होती. केरूभाऊंनी ओंजळभर कांद्याची टरफले नीमाबाईंच्या हातात दिली आणि स्वतः पलीकडे, उत्तरेच्या बाजूला जाऊन उभे राहिले. नीमाबाईंनी दक्षिणेच्या फटीशी ओंजळ उघडली. क्षणभर काहीच झाले नाही. मग टरफले फरफरत आरपार निघाली आणि केरूभाऊंच्या डोक्यावर, खांद्यावर येऊन बसली. ती त्यांनी झटकली नाहीत. तसेच कांदा आत भरायला लागले.

चार महिन्यांनी, नाताळ होऊन गेल्यावर, मास्तरांनी पाठवलेला फोटो माझ्या फोनवर आला. मी तो घेऊन चांदवडला गेलो. चाळीसमोर नीमाबाई दोन्ही हातांत कांदे धरून उभ्या होत्या. कोरडे, लाल, घट्ट कांदे. पिंकी आजोबांच्या खांद्यावरून वाकून पाहत म्हणाली, "यात जिराफ कुठंय?"

केरूभाऊंनी चष्मा लावला. कांद्यांकडे त्यांनी एकदाच पाहिले. मग फोटो बोटांनी मोठा केला आणि छपराच्या कडेचे गवत कुठल्या बाजूला वाकले आहे ते बराच वेळ पाहत राहिले.

"उत्तरेला," ते म्हणाले, आणि फोन मला परत दिला.