फिरती सभा

त्यांना सगळे वहीमामा म्हणत. परिषदेत ते शिपाई होते, पण झाडू किंवा चहाच्या किटलीपेक्षा त्यांच्या हातात हजेरीची वहीच जास्त दिसायची. परिषदेचे सदस्य अकरा. सभा भरली असं म्हणायला त्यांतले निदान सहा तरी हजर हवेत, असा नियम. आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता कामधंदा सोडून कोण येणार? यायचे तिघे, तेही पंखा चांगला होता म्हणून. उरलेल्यांकडे मामा सायकलवरून वही घेऊन जायचे. औषधवाल्याची सही गल्ल्यावर, सुताराची रंध्याच्या भुशात, एकाची तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण असताना. दुपारी दोनपर्यंत सभा संपन्न. अध्यक्ष हसून म्हणायचे, आपली फिरती सभा आहे.

मामांना याचा केवढा अभिमान! एकतीस वर्षांत कोरमअभावी एकही सभा तहकूब झाली नाही, असं ते पाहुण्यारावळ्यांना सांगत. कोणी त्यांना सांगितलं नाही की ही लबाडी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ती कधी तशी वाटली नाही.

मग राजधानीतून फर्मान आलं. देशाचं सरकार आपले अधिकार खाली सोडणार, लोकांच्या दारात आणणार. त्यासाठी फक्त लहान परिषदांनी एकत्र येऊन मोठी परिषद करायची. जबरदस्ती काही नाही, प्रत्येकीने आपल्या राजीखुशीने ठराव करायचा. तो ठराव सभेच्या कागदांत सातव्या क्रमांकावर होता, गटाराच्या झाकणांच्या खाली आणि स्मशानाच्या फाटकाच्या वर. त्या मंगळवारीही तिघेच आले. मामा निघाले. दोन सह्या पटकन झाल्या. सहावी निवृत्त शिक्षिकाबाईंची. त्यांच्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती. आज काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच, बाई," मामा म्हणाले आणि त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली.

मामा खोटं बोलले नव्हते. त्यांनी कागद वाचलाच नव्हता. वाचायचं काम त्यांना कोणी दिलं नव्हतं.

सहा महिन्यांत परिषदेची पाटी उतरली. अधिकार राजधानीतून निघाले ते खरंच, पण आमच्या दारावरून न थांबता पुढे गेले आणि चाळीस किलोमीटरवरच्या काचेच्या इमारतीत जाऊन बसले. पाठोपाठ परिषदेचा दवाखाना गेला. बंद केला असं म्हणायचं नाही, समायोजित केला. तीन खाटा, एक वाफेचं मशीन, कपाटं, सगळं एका टेम्पोत मावलं. मामा रस्त्यावर उभे राहून बघत होते, आणि त्या मशीनसाठी त्यांचा जीव तुटत होता.

कारण मामींना दमा होता. धाप लागली की दोन गल्ल्या ओलांडायच्या, सिस्टर तोंडाला मास्क लावायची, अर्ध्या तासात मामी तिच्याशी भांडायला मोकळ्या. आता त्यासाठी बस धरायची. थंडीत एका सकाळी बसमध्ये मामींची नखं निळी पडली. मामा त्यांना धरून बसले होते आणि ड्रायव्हरला भाऊ, दादा, बाबा, सुचेल ते म्हणत होते. त्या दिवशी मामी वाचल्या. पुढच्या वेळी वाचतील असं डॉक्टरांनी काही म्हटलं नाही.

मार्ग दाखवला तो सिस्टरनेच. तिलाही दूर नेऊन टाकलं होतं. सभा खरी भरलीच नव्हती असं सिद्ध झालं तर ठराव रद्द, ठराव रद्द तर परिषद परत, दवाखाना परत. फक्त साक्षीला एक माणूस हवा. माजी अध्यक्षांना सुगावा लागला. ते घरी आले, मामींची विचारपूस केली, आणि म्हातारपणी नसत्या भानगडीत पडू नका, असं अगदी मायेने बजावून गेले. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामीच म्हणाल्या, जे झालं ते सांगून या.

सुनावणीची अधिकारी तिशीतली होती, सभ्य होती. तिने मामांना आधी पाणी दिलं. मामांनी सगळं सांगितलं. गल्ला, रंधा, साबण, बाईंचं बोट. सिस्टर बाकावर मान हलवत होती. मामांना हलकं वाटू लागलं, जीभ सुटली, आणि तिथेच घात झाला.

"आजचं नाही हे, मॅडम. एकतीस वर्षं मीच सह्या आणल्या. एक सभा पडू दिली नाही."

अधिकारी लिहायची थांबली. जुन्या वह्या समोरच होत्या. तिने त्यांतली एक काढली, पान शोधलं आणि मामांकडे फिरवलं. दवाखाना उघडण्याचा ठराव होता.

"याच्याही सह्या तुम्हीच आणल्या?"

मामांना कळलं. नाही म्हणावं असं मनात आलं, पण आत्ताच खरं बोलण्याची शपथ घेतली होती, आणि पानावर सुताराच्या सहीशेजारी भुशाचा पिवळा डाग होता.

"पाच आणल्या," ते म्हणाले.

"मग तोही ठराव झालाच नाही. मामा, जो दवाखाना कायद्याने उघडलाच नव्हता, तो मी परत कुठून आणू?"

तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. तिलाही वाईट वाटत असावं. सिस्टरच्या नेमणुकीचं पान तिने उलगडलं नाही, तेवढी दया केली. सिस्टर उठून बाहेर गेली आणि मामांच्या आधीची बस धरून निघून गेली.

मामी पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसल्या होत्या. कधी उघडणार, असं त्यांनी विचारलं. मामांनी काही लपवलं नाही. बोलताना ते रडले, लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मामींसमोर रडले. मामींनी सगळं ऐकलं, मग दम घेत घेत म्हणाल्या,

"आता बसच्या वेळा तरी वाचून ठेवा."

मामा स्टँडवर गेले आणि फलक दोनदा वाचला. सकाळची सातला होती, त्यानंतरची थेट दुपारी दोनला.