चित्रातली चूल कुठे गेली?

सासूबाई जर्मनीत, एर्लांगेनला आमच्याकडे आल्यापासून माझा एकच धोशा होता: एकदा तरी आमच्याबरोबर जेवायला बसा. पण छे! मी आणि नवरा टेबलाशी, त्या ओट्याशी. आम्हाला तव्यावरची भाकरी वाढायची, आणि आमचं झालं की उरलेली गार घेऊन बसायचं. त्यांच्या परतीला आठवडाच उरला होता आणि अजून एकदाही त्या आमच्याबरोबर बसल्या नव्हत्या.

त्या रविवारी पाऊस होता, म्हणून रीजनल ट्रेन पकडून शेजारच्या शहरातल्या म्युझियमला गेलो. अठराव्या शतकातली फ्रेंच चित्रं लागली होती. राजेराण्यांपुढून सासूबाई भराभर निघाल्या आणि थबकल्या त्या खेड्यातल्या एका लग्नापाशी. झाडाखाली लांबलचक टेबल, एक जण व्हायोलिन वाजवतोय, पोरंपोरी नाचतायत, कुत्रं हाडूक चघळतंय. मला भलतंच कुतूहल, शेतकऱ्यांचे पाय इतके स्वच्छ कसे? पॅरिसच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायचं, म्हणून चित्रकाराने चिखल पुसून घेतला असणार.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. "अगं, ह्यात चूल कुठाय?"

"असेल मागे कुठेतरी."

"आणि ही बघ." टेबलाच्या मधोमध एक म्हातारी ऐसपैस बसून जेवत होती आणि एक बाप्या उभ्याने तिच्या ताटात वाढत होता. "लग्नघरातली म्हातारी पहिल्या पंगतीला? मग रांधतंय कोण?"

चूल शोधायला त्या चित्राच्या इतक्या जवळ गेल्या, की गार्डबाईंनी हाताने मागे सरायला सांगितलं. सरल्या, पण नजर म्हातारीवरच.

ट्रेनमध्येही तेच. "जराही संकोच नव्हता गं तिच्या तोंडावर."

घरी पोचताच मी परात पुढ्यात ओढली. "आई, आज चुलीपाशी मी. तुम्ही बसा बघू."

"तुला थापता येते?"

"नाही!"

त्या खळखळून हसल्या आणि चक्क खुर्चीत बसल्या. मला इतका आनंद झाला, की पीठ सांडलं ते दिसलंसुद्धा नाही. पहिली भाकरी कडेने चिरली, पण बऱ्यापैकी फुगली. नवऱ्याने ती तव्यावरून उचलून आईच्या ताटात वाढली. त्यांनी वाफाळता तुकडा मोडला, बोटं झटकली, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिल्या.

"कच्ची राहिली का, आई?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळे गरमच का मागतात, ते आज कळलं."